दुपारच्या वेळेत सुतारकाम

आमच्या साहेबांना माणसं जवळ आणण्याचा झटका वर्षातून एकदाच येतो, आणि तो नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. एरवी ते माणसांना लांब ठेवूनच काम करतात आणि ते आम्हाला सोयीचंही पडतं. आमचं ऑफिस म्हणजे शहराच्या गटारांचे नकाशे काढणारा विभाग. शहराच्या पोटात कुठे काय तुंबलंय हे आम्हाला बसल्या जागी ठाऊक असतं, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या मनात काय तुंबलंय याचा पत्ता नसतो. साहेबांना हे खटकलं असावं. त्यांनी परिपत्रक काढलं : शुक्रवारी चहाच्या वेळी प्रत्येकाने आपण उन्हाळ्यात काय वाचतो, काय ऐकतो आणि फावला वेळ कसा घालवतो हे सर्वांना सांगावं. खाली टीप होती. ‘उपस्थिती ऐच्छिक आहे. अनुपस्थितांनी कारण लेखी द्यावं.’

आम्ही सगळे ऐच्छिकपणे हजर झालो.

सुरुवात साहेबांनीच केली. त्यांना चित्रकोड्यांचा नाद आहे. म्हणजे मोठ्या चित्राचे बारीक बारीक तुकडे करून पेटीत भरलेले असतात आणि ते जुळवून पुन्हा चित्र करायचं. ज्याने ते चित्र आधी फाडलं त्याला काही न बोलता आपण ते निमूट जोडत बसायचं, हे मला तरी नोकरीसारखंच वाटतं. साहेबांचं सध्याचं कोडं म्हणे कित्येक वर्षं चालू होतं. “पेटीवरचं चित्र मी बघत नाही,” ते म्हणाले. “उत्तर बघून गणित सोडवण्यात काय अर्थ?” आम्ही माना डोलावल्या. गणित सुटलं नव्हतं हे कोणी बोललं नाही.

मग आमच्या आरेखक बाई उठल्या. बाईंच्या हातची रेघ अशी असते की गटारसुद्धा देखणं वाटावं. त्या रहस्यकथा वाचतात, त्याही फक्त खुनाच्या. “चोरीबिरीत मला रस नाही,” त्यांनी स्वच्छ सांगितलं. निम्मं पुस्तक झालं की खुनी कोण ते त्यांना कळतं आणि मग त्या पहिल्या पानावर पेन्सिलीने त्याचं नाव लिहून ठेवतात. का, तर पुढच्या वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको!

त्यांच्यानंतर लेखापाल. हा एरवी तोंडातून आकड्याशिवाय काही न काढणारा माणूस. तो सुट्टीत रानात जाऊन पाखरांचे आवाज ध्वनिमुद्रित करतो म्हणे! त्याने खिशातून एक बोटभर यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्यातून घुबड घुमलं. शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत येत होता, तो तसाच मागे फिरला.

अशा तऱ्हेने सगळे आपापलं वैभव उघडून दाखवत होते आणि मी मनातल्या मनात माझं वैभव शोधत होतो. मी उन्हाळ्यात काय करतो? मी पंख्याखाली पडतो. त्यात वाचन नाही, श्रवण नाही. पंखा किरकिरतो ते श्रवणात धरायचं तर गोष्ट वेगळी. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो, घसा साफ केला आणि आयत्या वेळी काही भव्य न सुचल्यामुळे खरं बोललो.

“मी पडतो,” मी म्हणालो.

“कुठून?” साहेबांनी काळजीने विचारलं.

“कुठून नाही. पंख्याखाली. आडवा.”

खोलीत शांतता पसरली. एखाद्याच्या घरी वीज नाही असं कळल्यावर पसरते तशी. “बरं, मग घरात आणखी कोणी?” बाईंनी मला सावरण्यासाठी विचारलं. “घरातले बाकीचे काय करतात?”

“बायकोला सवड नसते. सासरे असतात दिवसभर घरी. ते ‘चालेल’ म्हणतात.”

यावर कोणी हसलं नाही, कारण मी ते हसवायला म्हटलंच नव्हतं. आमचे सासरे आयुष्यभर टेलिफोन कार्यालयात जोडणी करायला होते. कानाला यंत्र लावून या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशी जोडून द्यायचा, आणि जोडताना दोघांशीही दोन शब्द बोलून घ्यायचे. इतका बोलका माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्न ठरवायला मी गेलो होतो तेव्हा माझं नाव सांगायला मला तास लागला, मध्ये फटच मिळेना. सासूबाई गेल्या आणि त्यांना आम्ही आमच्याकडे आणलं. तेव्हापासून ते खिडकीशी खुर्चीत बसत आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत. बाबा, चहा ठेवू? चालेल. बाबा, नको असेल तर राहू दे. चालेल. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शरीर ठणठणीत आहे, मन रमवा. मन कुठल्या दुकानात रमवून मिळतं ते काही त्यांनी लिहून दिलं नाही. बायको एकेक उपाय करून थकली होती आणि हल्ली ती भांडी घासताना नळ जरा मोठा सोडायची. तेवढ्यात रडून घेता येतं असा तिचा समज होता. आमच्या घरातल्या भिंती मात्र पातळ आहेत.

हे सगळं अर्थात मी सभेत बोललो नाही. मी बसलो. पण माझ्याविषयी दयेची लाट उसळली होती, ती काही बसली नाही.

सोमवारी सकाळी बाईंनी माझ्या टेबलावर पुस्तकांची पिशवी आणून आदळली. दुपारी लेखापालाने ते बोटभर यंत्र, त्याला जोडायचा डबाभर भोंगा आणि वापरायच्या सूचना दिल्या. आणि संध्याकाळी साहेबांनी मला खोलीत बोलावलं.

“नातवंडं यायची आहेत सुट्टीत,” ते हळू आवाजात म्हणाले. “दोघं आहेत. मागच्या खेपेला त्यांनी माझ्या चष्म्याचं काय केलं ते मी सांगत नाही. कोडं घरात ठेवणं धोक्याचं आहे. तुमच्याकडे राहील. तुम्हालाही विरंगुळा.”

“सर, पेटीसकट?”

“पेटी माझ्या कपाटात. तुम्ही बघाल चित्र.”

कोडं निम्मंअधिक जुळलेलं होतं आणि ते एका प्लायवूडच्या फळीवर होतं. फळी साधारण दरवाजाच्या निम्म्याएवढी. ती आडवी न्यायची, कलू द्यायची नाही, वारा लागू द्यायचा नाही. साहेबांच्या घरून माझ्या घरी टॅक्सीत फळी मांडीवर घेऊन मी बसलो आणि वर चादर धरली. चालकाने आरशातून दोनतीनदा पाहिलं. मग हलक्या आवाजात विचारलं, “घरचंच कोणी होतं का?” मी म्हणालो, साहेबांचं आहे. त्याने उरलेला रस्ता अत्यंत सावकाश आणि आदराने गाडी चालवली.

इमारतीशी आलो तर लिफ्टच्या दारात आमच्या सोसायटीचे सचिव उभे. सचिव म्हणजे इमारतीच्या नियमपुस्तिकेचे सख्खे भाऊ. पुस्तिका कायम बगलेत. कोणी शिंकलं तरी ते आधी पान उघडतात.

“हे फर्निचर आहे का?”

“नाही हो. चित्र आहे.”

“मग काच असणार. काचेचं सामान लिफ्टमधून नाही.”

“काच नाही. तुकडे आहेत.”

“म्हणजे फुटलेली काच!” सचिव दोन पावलं मागे सरले.

काच नसल्याची त्यांची खात्री पटवायला मी चादर उचलली. त्यांनी वाकून पाहिलं आणि बराच विचार करून निर्णय दिला की ही अपूर्ण वस्तू आहे, आणि अपूर्ण वस्तूंचं बांधकाम साहित्यात वर्गीकरण होतं, आणि बांधकाम साहित्य जिन्याने. मग मी आणि पहारेकरी जिन्याने निघालो. प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडलं आणि प्रत्येक दारातून सल्ला मिळाला. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, डोकं पुढे घ्या. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त वकील (आमच्या अगदी खालच्या घरात राहतात) म्हणाले की वळणावर फळी उभी करा, म्हणजे सहज जाईल. उभी करता येत नाही असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी कोणत्या कारणाने असं विचारलं, आणि फळी धरून धापा टाकत मी साक्ष दिली.

घरी टेबल एकच, ते जेवायचं. फळी त्यावर अशी बसली की कडेला पाण्याचा पेलाही मावेना.

“अहो, आणि जेवायचं कुठे?” बायकोने विचारलं.

“मांडीवर.”

“किती दिवस?”

“नातवंडं परत जाईपर्यंत.”

“कोणाची नातवंडं?” पण उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

पुढचे काही दिवस मी छंद जोपासण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. एक रहस्यकथा उघडली तर पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेलं, ‘माळी’. आता माळ्याने खून केला हे ठाऊक असताना तो बिचारा गुलाबाला पाणी घालतोय हे किती वेळ वाचणार! चौथ्या पानावर मला झोप लागली. कोड्याचा एक तुकडा मी हातात घेतला, तो कुठेच बसेना. मग तो आधी कुठे होता हे विसरलो म्हणून घाबरून बाकीच्यांना हात लावला नाही. राहता राहिली पाखरं. ती लावली की झालं, त्यात माझ्या बुद्धीचं काम नव्हतं. सुट्टीच्या दुपारी मी यंत्र सुरू करून पंख्याखाली पडायचो. म्हणजे मी जे आधी करत होतो तेच, पण आता ते संस्कृतीत मोडत होतं. कामाच्या दिवशी दुपारी बायको यंत्र लावून ठेवायची. बाबांना बरं वाटेल, अशी तिची आशा.

बाबा भिंतीकडे बघतच होते. एवढंच की रहस्यकथांची पिशवी सोफ्याजवळून त्यांच्या खुर्चीजवळ सरकलेली दिसली. मला वाटलं, केर काढताना सरकली असेल.

त्या मुद्रणात एक सुतारपक्षी होता. टक टक टक टक, थोडं थांबून पुन्हा टक टक टक टक. पहिले काही दिवस आम्ही उठून दार उघडायचो. मग सवय झाली. त्यानंतर एकदा खरंच दार वाजलं, तेव्हा आम्ही कोणी उठलोच नाही, आणि सचिव बाहेर उभे राहून तापले.

रविवार होता. दुपारची वेळ. सचिव आत आले, पुस्तिका उघडूनच आले.

“तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. खालच्या वकीलसाहेबांची, लेखी. दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत तुम्ही सुतारकाम करता.”

“मी? मला खिळा सरळ ठोकता येत नाही!” मी दुखावून म्हणालो. ते खरंही होतं. भिंतीवरचं आमचं घड्याळ आजही थोडं मान वाकडी करून वेळ दाखवतं.

तेवढ्यात यंत्रातून आवाज आला. टक टक टक टक.

“हे काय मग?”

“हा सुतारपक्षी आहे.”

हे वाक्य बोलायला नको होतं. सचिवांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं, आणि त्यांनी सावकाश पानं उलटली. “म्हणजे पक्षी पाळलाय. कलम वेगळं. हे जास्त गंभीर आहे.”

“अहो, खरा पक्षी नाही. आवाज आहे फक्त.”

“पक्ष्याशिवाय पक्ष्याचा आवाज?”

“यंत्रातून.”

“यंत्राने आवाज करणं, दुपारच्या वेळेत.” त्यांनी आणखी एक पान उलटलं. “तेही आहे.”

माझी अवस्था अशी की सुतारकामातून सुटावं तर पाखरात अडकतोय आणि पाखरातून सुटावं तर यंत्रात. तिन्ही बाजूंनी कलमं. घरात पक्षी नसल्याचं आपण लेखी द्या, सचिव म्हणाले, आणि सोबत पुरावा जोडा. नसलेल्या पक्ष्याचा पुरावा कसा जोडतात? मोकळा पिंजरा आणायचा? तर पिंजरा कशाला आणला म्हणून पुन्हा चौकशी!

“तो आवाज मी करतो,” खिडकीजवळून कोणीतरी म्हणालं.

आम्ही दोघंही वळलो. बाबा भिंतीकडे बघत नव्हते. ते सचिवांकडे बघत होते, आणि त्यांच्या मांडीवर उघडं पुस्तक होतं.

“तुम्ही?” सचिव म्हणाले.

“मी.” बाबांनी काठी उचलली आणि खुर्चीच्या हातावर वाजवली. टक टक टक टक. थोडं थांबले. पुन्हा टक टक टक टक. यंत्रातला पक्षी गप्प झाला होता. बहुतेक आपल्याला उत्तर आलं असं त्याला वाटलं असावं.

“पण का?”

“वेळ जात नाही,” बाबा म्हणाले. “बघा बरं तुमच्या पुस्तकात, सासऱ्यांवर काही कलम आहे का?”

सचिवांनी खरोखर बघितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. त्या माणसाची निष्ठा मी नाकारणार नाही. पुस्तिकेत कुत्र्यांवर होतं, मांजरांवर होतं, भाडेकरूंवर तर तीन पानं होती. सासऱ्यांवर ओळ नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको उभी होती. ती हसत होती आणि रडतही होती, आणि या वेळी नळ सोडायचं तिला सुचलं नव्हतं. “बाबा!” ती म्हणाली, एवढंच. मला काय झालं ते माझं मलाच ठाऊक नाही. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले होते आणि ते धादांत खोटं होतं, हे ऐकून मी इतका आनंदलो की उडी मारून उठलो. माझा गुडघा टेबलाला लागला. टेबल हललं, फळी सरकली, आणि साहेबांची कित्येक वर्षं जमिनीवर पसरली.

मग सचिव म्हणाले, “आता हे बांधकाम साहित्य नाही,” आणि ते शांतपणे, पण लगबगीने, निघून गेले.

मी जमिनीवर बसून त्या तुकड्यांकडे बघत राहिलो. माझी बढती मला त्यात स्पष्ट दिसत होती, तुकड्यातुकड्यांत. पेटी साहेबांच्या कपाटात. चित्र कशाचं होतं हेसुद्धा मला सांगता येईना. चादरीखाली निळं निळं काहीतरी होतं, एवढंच आठवत होतं.

“फोन करा कोणाला तरी,” बाबा म्हणाले. फोन हा त्यांचा आयुष्यभराचा उपाय.

मी आरेखक बाईंना फोन केला. मला वाटलं होतं त्या मला धीर देतील. पण त्या म्हणाल्या, “कशाला हात लावू नका, येते,” आणि खरोखरच आल्या. बगलेत कागदाची गुंडाळी, हातात काटकोन. येताना त्यांनी लेखापालालाही उचलून आणलं होतं, आणि त्याने खिळे-स्क्रू ठेवायच्या लहान लहान डब्या आणल्या होत्या. सुट्टीचा दिवस, बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. पण ही दोन माणसं माझ्या घरी जमिनीवर मांडी घालून बसली आणि रंगांप्रमाणे तुकडे वेगळे करू लागली, जणू आमच्या घरी येऊन हेच करायचं असतं.

बाईंनी फळीवर कागद पसरून चौकटी आखल्या. कडेचे तुकडे आधी. लेखापाल डब्या भरत होता आणि मनातल्या मनात बेरीज करत होता, ओठ हलताना दिसत होते. मीही मदतीला सरसावलो, पण बाईंनी मला सरबत करायला पाठवलं. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, मला जागा नव्हती. मानी माणसाला हे लागतं. मी सरबत केलं.

परत आलो तर बाबांनी खुर्ची टेबलाशी ओढून घेतली होती आणि वाद पेटला होता.

“ही पुस्तकं तुमची का, बाई? मग तुमच्याशी भांडायचंय. पहिल्या पानावर माळी लिहिलंय. माळ्याने काही केलेलं नाही!”

“असं कसं?” बाई तुकडा हातात धरून थांबल्या. “त्याच्या बुटाला चिखल होता.”

“माळ्याच्या बुटाला चिखल नसेल तर काय अत्तर असेल? डॉक्टरने केलाय. शेवटचं प्रकरण तुम्ही वाचलंच नाही वाटतं.”

बाई जरा गोंधळल्या. “खुनी कळल्यावर वाचून काय करायचं?”

“मी सगळी पिशवी वाचली,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढलेला ऐकायला कान किती भुकेले होते हे मला तेव्हा कळलं. “तुमचा एकही खुनी बरोबर नाही. एकही! एका ठिकाणी तर ज्याचा खून झालाय त्याचंच नाव तुम्ही लिहिलंय.”

लेखापाल हसला. त्याला हसताना मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं, आणि सवय नसल्यामुळे त्याला ते थांबवताही येईना. या गोंधळात दार वाजलं. या वेळी मी पक्षी समजलो नाही. दारात खालचे वकील.

“मी लेखी तक्रार केली होती,” ते म्हणाले. “तिचा परिणाम म्हणून आवाज वाढलाय असं दिसतं.” मग त्यांची नजर फळीकडे गेली. “तो तुकडा तिथला नाही.”

“कुठला मग?” बाई म्हणाल्या.

“थांबा. दाखवतो.”

ते दाखवायला आले ते बसलेच. मधूनच बाबांनी त्यांना माळ्याचा आणि डॉक्टरचा खटला समजावून सांगितला आणि वकिलांनी सांगितलं की बुटाच्या चिखलावर कोणतंही न्यायालय माळ्याला धरणार नाही, पण डॉक्टरविरुद्धचा पुरावाही कच्चाच आहे, आपण डॉक्टरची बाजू घेतली असती तर तो सुटला असता. बाबा म्हणाले, सुटलाच असता कसा! वकील म्हणाले, मांडा पुरावा. मी सरबताचे रिकामे पेले गोळा करत बाईंच्या शेजारून गेलो, तेव्हा त्या मान वर न करता पुटपुटल्या, “पुस्तकं तुमच्यासाठी दिलीच नव्हती. तुम्ही वाचणाऱ्यातले दिसत नाही.”

“आणि पाखरं?” मी लेखापालाला विचारलं.

“दिवसभर ‘चालेल’ म्हणणाऱ्या माणसाला ऐकायला काहीतरी हवं,” तो म्हणाला आणि पुन्हा डब्यांत डोकं घातलं.

शुक्रवारच्या सभेत उसळलेली ती दयेची लाट माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली होती, आणि मी इतके दिवस भिजल्यासारखा वागत होतो. मला थोडं वाईट वाटलं. बरंही वाटलं, आणि ते वाईटापेक्षा बरंच जास्त होतं. काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तेवढ्यात पुन्हा दार वाजलं.

दारात साहेब.

“नातवंडं पुढच्या आठवड्यात येणार आहेत आता,” ते म्हणाले. “घरात टेबल मोकळं दिसतं, करमत नाही हो. म्हटलं जरा बघून...” आणि ते बोलायचे थांबले, कारण त्यांना टेबल दिसलं होतं.

मी सांगून टाकलं. उडी, गुडघा, सगळं. का उडी मारली ते मात्र सांगता येईना, म्हणून बाबांकडे हात केला. साहेब टेबलाजवळ गेले. खाली अर्धवट जुळलेलं निळं होतं, वर हिरव्या टेकड्या. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं. पंख्याखाली असूनही मला पहिल्यांदाच घाम फुटला होता.

“माझं आकाश खाली कसं आलं?” साहेबांनी विचारलं.

बाईंनी काटकोनाकडे पाहिलं. लेखापालाने डबीकडे. ज्याच्या हातात आपला वार्षिक अहवाल असतो त्याला असल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये, हे सरकारी माणसाला आईच्या पोटातच कळतं. पण बाबा निवृत्त होते.

“ते आकाश नाही, साहेब. पाणी आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला नंबर चुकीचा लागला होता. इतकी वर्षं तुम्ही होडी आकाशात शोधत होता.”

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब फळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन मान तिरकी करून बघत होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू असा काही उजळला की मी तो ऑफिसात कधी पाहिला नव्हता.

“तरीच!” ते म्हणाले. “तरीच ते शीड कुठे बसेना! अहो, एखादी खुर्ची आहे का?”

खुर्ची नव्हती. माझी होती, ती दिली. बायकोने सगळ्यांना ताटं हातात दिली आणि लोक उभ्याने, एका हाताने जेवले, कारण दुसऱ्या हातात प्रत्येकाच्या तुकडा होता. ऊन उतरलं तेव्हा होडी पाण्यात होती. घरून पेटी आणून तिच्यावरचं चित्र बघायला साहेबांनी नकार दिला, गरजच उरली नव्हती. निघताना प्रत्येकाने बाबांचा निरोप घेतला. माझाही घेतला, पण जाता जाता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून घरी आलो तर बायको दारातच. चेहरा उतरलेला. “बाबा घरात नाहीत.” खिडकीशी खुर्ची रिकामी. काठी नाही, चपला नाहीत. आम्ही गच्ची पाहिली, फाटक पाहिलं, पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, बाहेर कोणी गेलं नाही. जेवायची वेळ टळून गेली. ताटं वाढलेली, आणि आम्ही दोघं जिन्यात उभे. इतक्यात खालच्या मजल्यावर वकिलांचं दार उघडलं आणि आतून बाबांचा आवाज आला. “उद्या या मुद्द्यावर येतोच मी!” आणि ते एकेक पायरी चढत वर आले, कानामागे बाई आदल्या दिवशी विसरून गेलेली पेन्सिल खोचलेली.

“सांगून जायला काय होतं?” बायको कडाडली. “जेवण निवलं! माणसाने काय काय समजायचं! लहान आहात का तुम्ही?”

ती त्यांना जिन्यात उभं करून चांगली दोनचार मिनिटं बोलली. बाबा मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांत चोरून मजा चाललेली मला दिसत होती. बोलून झाल्यावर ती आत गेली आणि मी तिच्यामागे गेलो. ती ताटातलं पुन्हा गरम करत होती.

“तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना जेवायला बोलवा,” ती म्हणाली. “काल त्यांना बसायला मिळालं नाही. सगळ्यांना हं. वकिलांना आणि सचिवांनाही.”

“सचिवांना कशाला?”

“त्यांनी तक्रार आणली नसती तर?” ती म्हणाली.

सकाळी ऑफिसात गेलो आणि आधी लेखापालाच्या टेबलाशी उभा राहिलो. दोन आकड्यांच्या मध्ये त्याने मान वर केली.

“रविवारी आमच्याकडे जेवायला या. सगळेच या.”

“काही विशेष?”

आभाराचे चार शब्द मी रस्ताभर जुळवत आलो होतो. ते आता एकमेकांत बसेनात.

“आमचे सासरे काल जेवायला उशिरा आले,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग पेन ठेवलं.

“येतो,” तो म्हणाला.